मणिकर्णिकेची कासवे आणि नदीवरचा हक्क
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



वन्यप्राण्यांचे रक्षण आणि माणसाचे पोट यांच्यातील संघर्षाची चर्चा निघाली की डोळ्यांपुढे जंगल येते. मेळघाट किंवा ताडोबा, वाघ, आणि जंगलातून उठविली गेलेली गावे, असे त्या चर्चेचे ठरलेले चित्र असते. परंतु हाच संघर्ष देशातील एका अत्यंत जुन्या आणि दाट वस्तीच्या शहरात, स्मशानाच्या पायऱ्यांशी, तीस वर्षे चालू होता, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नाही. ते शहर म्हणजे वाराणसी, आणि ते स्मशान म्हणजे मणिकर्णिका घाट. तेथील प्राणी वाघ नव्हता. तो कासव होता. या कासवाची कहाणी नीट समजून घेतली, तर निसर्गसंरक्षणाच्या प्रश्नाकडे कष्टकऱ्यांच्या बाजूने कसे पाहावे, याचा धडा तिच्यातून मिळतो.

मणिकर्णिका हे नाव महाराष्ट्राला परके नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस अहिल्याबाई होळकरांनी या घाटाचे बांधकाम करविले. लागूनच शिंद्यांचा घाट आहे, आणि त्याच्या पलीकडे भोसल्यांचा. मराठी सत्ताधाऱ्यांनी काशीत दगड बसविला. परंतु त्या दगडावर रात्रंदिवस राबणारी माणसे मात्र वेगळीच राहिली. चिता रचणारे आणि अग्नी देणारे डोम, लाकूड वाहणारे हमाल, नावा वल्हविणारे आणि मासे धरणारे मल्लाह म्हणजेच निषाद, आणि पैलतीरावरच्या वाळूत काकडी-खरबुजाचे मळे करणारी कुटुंबे, यांच्या श्रमावर हा घाट चालतो. कासवाच्या प्रश्नात ज्यांना कोणी विचारले नाही, ती हीच माणसे.

अर्धवट जळलेले प्रेत

या प्रश्नाची सुरुवात चितेपासून करावी लागते. एका प्रेताचे पूर्ण दहन होण्यास सुमारे तीन-चारशे किलो लाकूड लागते. ज्याच्या घरी पैसा आहे, त्याला त्याची चिंता नसते. परंतु उत्तर प्रदेश आणि बिहारच्या खेड्यांतून उसनवारी करून प्रेत काशीला आणणाऱ्या शेतमजुराला लाकडाचा भाव परवडत नाही. लाकूड कमी पडते, चिता लवकर विझते, आणि उरलेले गंगेत सोडले जाते. याशिवाय लहान मुले, संन्यासी, सर्पदंशाने मेलेले अशा काहींना न जाळता पाण्यात सोडण्याची जुनी रूढी आहेच. म्हणजे गंगेतून वाहणाऱ्या अर्धवट जळलेल्या प्रेतामागे रूढीइतकाच दारिद्र्याचाही हात आहे.

१४ जून १९८६ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांनी वाराणसीच्या राजेंद्र प्रसाद घाटावर गंगा कृती योजनेचा प्रारंभ केला. या प्रेतांचे काय करावयाचे, हा प्रश्न योजनाकारांपुढे आला. एक उपाय म्हणून हरिश्चंद्र घाटावर विद्युतदाहिनी उभी राहिली, आणि तो उपाय योग्य दिशेचा होता. दुसरा उपाय मात्र चमत्कारिक होता. गंगेत मऊ पाठीचे एक मोठे कासव आढळते. ते मासे व पाणवनस्पती खाते, आणि मेलेले मांसही खाते. या कासवांची अंडी चंबळच्या काठावरून आणून सारनाथच्या केंद्रात उबवावयाची, पिले वाढवावयाची आणि वाराणसीच्या पात्रात सोडावयाची, म्हणजे ती प्रेते खाऊन नदी स्वच्छ करतील, अशी ही कल्पना होती. पुढील वर्षांत अशी हजारो कासवे नदीत सोडण्यात आली.

या योजनेत कासवाला निसर्गाचा एक घटक म्हणून स्थान मिळाले नव्हते. त्याला जणू नगरपालिकेचा बिनपगारी सफाई कामगार म्हणून नेमण्यात आले. गरिबाला पुरेसे लाकूड किंवा स्वस्त विद्युतदाहिनी देण्याचा खर्च टाळावयाचा, आणि त्याच्या उरलेल्या देहाची विल्हेवाट एका प्राण्यावर सोपवावयाची, असा हा हिशेब होता. शिवाय गंगेच्या प्रदूषणात प्रेतांचा वाटा लहान आहे. फार मोठा भाग शहरांच्या सांडपाण्याचा आहे. नाल्यांतून येणारी घाण कासव खात नाही. उलट तीच घाण कासवाला मारते.

सात किलोमीटरची मनाई

सोडलेली कासवे टिकावीत म्हणून २१ डिसेंबर १९८९ रोजी रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचा गंगेचा सुमारे सात किलोमीटरचा पट्टा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अभयारण्य म्हणून घोषित झाला. गोड्या पाण्यातील कासवांचे देशातील पहिले अभयारण्य म्हणून ते ओळखले जाई. मणिकर्णिकेसह वाराणसीचे जवळजवळ सर्व प्रसिद्ध घाट या पट्ट्याच्या पश्चिम काठावर येतात. पूर्वेच्या काठावर वाळूचे विस्तीर्ण मैदान आहे.

अभयारण्याचा अर्थ मनाई. मासेमारीला मनाई, वाळू काढण्यास मनाई, वाळवंटातील मळ्यांवर बंधने. वाळू काढून नावेने शहरात पोहोचविणे हा मल्लाहांच्या उपजीविकेचा पिढीजात भाग होता. यात्रेकरूंचा हंगाम संपला की वाळू, मासे आणि मळा यांवर वर्षाचे उरलेले महिने निघत. ते तीनही आधार एका अधिसूचनेने कायद्याच्या कक्षेबाहेर गेले. कालपर्यंतचा कामगार आज आरोपी ठरला.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. वाळूउपशाने कासवांचे नुकसान होत नाही, असे कोणी म्हणू नये. कासव काठावरच्या वाळूत अंडी घालते. यंत्रे लावून काठ खरवडला तर घरटी नष्ट होतातच. परंतु फावड्याने वाळू भरून नाव वल्हविणारा माणूस आणि यंत्रे व मालमोटारी लावून रातोरात किनारा उचलणारा ठेकेदार यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. हंगाम ठरवून, जागा आखून, पहिल्याला परवानगी आणि दुसऱ्याला बंदी, असा नियम करता आला असता. वन्यजीव कायद्यातही अभयारण्य घोषित करताना स्थानिकांच्या हक्कांची चौकशी करून निवाडा करण्याची तरतूद आहे. परंतु नदीवरचा मल्लाहाचा हक्क कोणत्या सातबाऱ्यावर नोंदलेला असतो? जो हक्क कागदावर नाही तो अस्तित्वातच नाही, असे मानून राज्यकारभार चालतो, आणि श्रमिकांचे बहुतेक हक्क नेमके असेच बिनकागदी असतात.

बंदीचा आणखी एक परिणाम सांगितला जाऊ लागला. वाराणसीजवळ गंगा वळण घेऊन उत्तरेकडे वाहते. घाट वळणाच्या बाहेरच्या बाजूस असल्यामुळे तेथे प्रवाह खोल आणि जोरदार आहे. आतल्या बाजूस, म्हणजे पूर्वेस, वाळू साचत जाते. वाळू उचलणे बंद झाल्यामुळे प्रवाह घाटांकडे अधिक रेटला जातो आणि घाटांच्या पायाला धोका पोहोचतो, असे मत काही नदी-अभियंत्यांनी मांडले. शिंदे घाटाचा काही भाग एकोणिसाव्या शतकातच खचला होता, तेव्हा कासवांचे अभयारण्य नव्हते, हे लक्षात ठेवले पाहिजे. वरच्या बाजूस धरणे आणि कालवे यांनी गंगेचे पाणी काढून घेतल्यामुळे वाळू वाहून नेण्याची नदीची शक्तीच क्षीण झाली, हेही कारण तितकेच महत्त्वाचे आहे. तरीही पुढे जेव्हा सोयीचे झाले, तेव्हा घाटांच्या धोक्याचा सर्व दोष कासवाच्या माथी मारण्यात आला.

जलमार्ग आला, अभयारण्य गेले

१९८६ सालच्याच ऑक्टोबर महिन्यात, गंगा कृती योजनेनंतर जेमतेम चार महिन्यांनी, अलाहाबाद ते हल्दिया हा गंगेचा १,६२० किलोमीटरचा मार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ म्हणून घोषित झाला. म्हणजे ज्या पात्रात जहाजे चालवावयाची असे ठरले, त्याच पात्रात तीन वर्षांनी कासवांचे अभयारण्य करण्यात आले. जलमार्ग कागदावर होता तोवर हा विरोध कोणाला खुपला नाही. मल्लाहावरची बंदी तेवढी प्रत्यक्षात होती.

पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने जलमार्ग विकास प्रकल्प उभा राहिला. हल्दिया ते वाराणसी हा टप्पा मोठ्या मालवाहू जहाजांसाठी खोल करावयाचा होता. १२ नोव्हेंबर २०१८ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी रामनगर येथील मालवाहतूक टर्मिनलचे उद्घाटन केले. हल्दियाकडून येणारे जहाज रामनगरला पोहोचावयाचे, तर मालवीय पुलाखालून घाटांसमोरच्या पात्रातूनच यावे लागते. अभयारण्य नेमके वाटेत उभे होते.

आणि मग तीस वर्षांत जे कोणाला दिसले नव्हते ते अचानक दिसू लागले. घाटांवरील गर्दी, नावांची वर्दळ आणि प्रदूषण यांमुळे हा पट्टा कासवांना योग्य राहिलेला नाही, असे सांगण्यात आले. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अहवालाचा आधार घेण्यात आला, आणि २०२० मध्ये अभयारण्याचा दर्जा काढून घेण्यात आला. त्याऐवजी प्रयागराज, मिर्झापूर आणि भदोही जिल्ह्यांतून जाणारा गंगेचा तीस किलोमीटरचा पट्टा नवे कासव अभयारण्य म्हणून घोषित झाला. वाराणसीचा पट्टा कासवांना अयोग्य झाला होता, हे शास्त्रीयदृष्ट्या खरे असू शकते. परंतु प्रदूषणाने प्राण्याचे घर बिघडले, तर प्रदूषण हटवावयाचे की घर मोडावयाचे? शासनाने दुसरा मार्ग निवडला, कारण तो स्वस्त होता आणि जहाजांच्या सोयीचा होता.

जलमार्ग ही मुळात वाईट गोष्ट आहे, असा याचा अर्थ नाही. पाण्यावरून माल नेण्यास रस्त्यापेक्षा कमी इंधन लागते. नियोजनबद्ध अर्थव्यवस्थेत नदीचा असा उपयोग करता येईल आणि करावाही. परंतु त्यासाठी गाळ कोठे उपसावयाचा, कोणत्या हंगामात उपसावयाचा नाही, जहाजाचा वेग किती असावा, गंगेतील सूंस म्हणजे डॉल्फिन ध्वनीच्या आधारे वाट काढते तर इंजिनांच्या आवाजाचे काय करावयाचे, हे आधी ठरले पाहिजे. या डॉल्फिनला २००९ मध्ये राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित करण्यात आले आहे. प्रत्यक्षात काय झाले? टर्मिनल सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत तेथे अपेक्षेच्या मानाने फारच थोडा माल उतरला. मोठ्या प्रमाणावर आले ते पर्यटन: मोठ्या क्रूझ नौका, आणि जानेवारी २०२३ मध्ये पैलतीराच्या त्याच वाळूवर वसविलेले तंबूंचे शहर, ज्याचा वाद पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेला. २०२१ मध्ये याच वाळूतून सुमारे पाच किलोमीटरचा एक कालवा खोदण्यात आला होता. पावसाळ्यातील पुराने तो बुजवून टाकला.

ज्या वाळूत काकडी लावणारा मल्लाह कासवाचा शत्रू ठरला होता, त्याच वाळूत धनिकांचे तंबू ही विकासाची खूण ठरली. क्रूझ नौकांच्या स्पर्धेने यात्रेकरू फिरविणाऱ्या छोट्या नावाड्यांच्या मिळकतीवर घाला येतो, ही त्यांची तक्रार आहे. संरक्षणाने त्यांची वाळू आणि मासे नेले. संरक्षण उठले तेव्हा त्यांच्या वल्ह्यांवरच संकट आले.

कासवाचा बाजू घेणारा कोण?

या साऱ्या प्रकरणातील सर्वांत बोचरा प्रश्न असा. अभयारण्य मोडले गेले तेव्हा काही पर्यावरणवादी आणि अभ्यासक यांनी आक्षेप घेतले. पण ज्या समाजाला नदीचा प्रत्येक डोह ठाऊक आहे, कासव कोठे वर येते आणि कोठे अंडी घालते हे जो जाणतो, त्याने त्याच्या बाजूने का उभे राहावे? अभयारण्याने त्याला तीस वर्षांत दंड आणि मनाई याखेरीज काही दिले नव्हते. श्रमिकाला शत्रू करून उभे केलेले संरक्षण भांडवलाच्या पहिल्या धक्क्याला कोसळते, कारण त्याचे रक्षण करणारे कोणी उरलेले नसते.

कासवाचे खरे शत्रू कोठे आहेत, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. जानेवारी २०१७ मध्ये उत्तर प्रदेशातील अमेठी जिल्ह्यात पोलिसांनी एका धाडीत ६,४०० हून अधिक जिवंत कासवे पकडली. इतकी कासवे एखाद्या भुकेल्या कोळ्याच्या कालवणासाठी जमविलेली नसतात. त्यामागे व्यापाऱ्यांची साखळी, वाहतूक आणि दूरच्या बाजारपेठेची मागणी असते. डबक्यातून कासव काढणाऱ्याला त्यातले थोडेसे मिळते. नफा वर जातो, आणि गजाआड बहुधा खालचाच जातो.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. १९७९ मध्ये सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतील सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर क्षेत्र माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्यात शेतकऱ्यांच्या खाजगी जमिनी आणि भरवस्तीची गावेही आली. वर्षानुवर्षे जमिनीच्या व्यवहारांत अडथळे आले, लोकांच्या मनात पक्ष्याविषयी राग साठला, आणि अखेरीस क्षेत्र सुमारे १,२०० चौरस किलोमीटरपर्यंत कमी करावे लागले. तोवर माळढोकही जवळजवळ नाहीसा झाला होता. शेतकरी जिंकला नाही आणि पक्षीही वाचला नाही.

वेळासचा धडा

मग माणूस आणि कासव एकत्र नांदूच शकत नाहीत काय? याचे उत्तर देण्यासाठी गंगेचा काठ सोडून कोकणच्या किनाऱ्यावर यावे लागते. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास हे छोटे गाव आहे. नाना फडणिसांचे मूळ गाव म्हणून ते इतिहासात प्रसिद्ध आहे. तेथील पुळणीवर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालतात. पूर्वी ही अंडी खाण्यासाठी व विकण्यासाठी उकरून नेली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या साहाय्याने घरटी शोधून अंडी कुंपणात सुरक्षित ठेवण्याचे काम सुरू केले. पुढे पिले समुद्राकडे जाताना पाहण्यासाठी शहरांतून लोक येऊ लागले. गावातील घरांतूनच त्यांच्या राहण्या-जेवण्याची सोय झाली, आणि त्याचे पैसे गावातच राहिले. अंडी शोधणारा माणूस तोच राहिला, किनाऱ्याची माहिती तीच राहिली. बदलला तो कासवाशी असलेला त्याचा आर्थिक संबंध.

या उदाहरणाची मर्यादाही ओळखली पाहिजे. वेळासच्या पुळणीवर कोणाला बंदर नको होते, आणि हंगामी पाहुण्यांवर सबंध नदीकाठची हजारो कुटुंबे जगू शकणार नाहीत. गावाच्या भल्या माणसांच्या उत्साहाने जे साधते ते जागतिक बँकेच्या प्रकल्पापुढे टिकेलच असे नाही. म्हणून सद्भावनेच्या जोडीला कायदेशीर हक्क लागतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने ही दिशा दाखविली. अभयारण्यांतील वनजमिनीवरही हक्क मान्य केले, जलाशयांतील मासे आणि इतर उपज यांवरील सामूहिक हक्क नोंदविले, आणि महत्त्वाच्या वन्यजीव क्षेत्रासाठी लोकांना हलवावयाचे असेल तर ग्रामसभेची मुक्त व माहितीपूर्ण संमती आवश्यक ठरविली. परंतु काशीच्या घाटावरील नावाड्याला ग्रामसभा कोठून असणार? नदीवर श्रम करणाऱ्यांचा हक्क अद्याप कोणत्याही कायद्याने अशा स्पष्टपणे मान्य केलेला नाही. ही उणीव भरून काढणे हे संघटित चळवळीचे काम आहे.

कशासाठी लढावयाचे

यातून काही ठोस मागण्या निघतात. नदीचा कोणताही पट्टा संरक्षित करण्यापूर्वी नावाडी, कोळी आणि वाळवंटातील मळेवाले यांच्या वहिवाटीची नोंद झाली पाहिजे, आणि संरक्षणाचे नियम ठरविणाऱ्या समितीत त्यांच्या संघटनांना मताधिकारासह स्थान मिळाले पाहिजे. ज्या हंगामात बंदी आवश्यक आहे, त्या हंगामाची मजुरी भरपाई म्हणून मिळाली पाहिजे, आणि देखरेखीच्या कामावर त्याच समाजातील माणसे पगारी नेमली गेली पाहिजेत. हाताने चालणारा धंदा आणि यंत्राने चालणारा उपसा यांत कायद्याने भेद केला पाहिजे. जे बंधन नावेला लागू आहे ते जहाजालाही लागू असले पाहिजे.

त्याचबरोबर मूळ रोगावर इलाज हवा. ज्या दिवशी रामनगरच्या टर्मिनलचे उद्घाटन झाले, त्याच दिवशी दीनापूर येथील दररोज १४ कोटी लिटर क्षमतेच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचेही उद्घाटन झाले. अशी केंद्रे हवीतच. पण शहराचा एकही नाला न शुद्ध होता नदीत पडणार नाही, आणि केंद्रे वर्षभर पूर्ण क्षमतेने चालतील, ही हमी हवी. आणि गरिबाच्या अंत्यसंस्काराचा खर्च सार्वजनिक जबाबदारी मानला गेला पाहिजे. २०२३ मध्ये मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र या घाटांच्या पुनर्विकासाचा पाया घालण्यात आला. त्या विकासाची कसोटी दगडाच्या झळाळीवर लागणार नाही. मोफत किंवा नाममात्र दरातील दाहिनीत शेतमजुराचे प्रेत पूर्ण जळते की नाही, आणि डोम व हमाल यांचे काम व मजुरी सुरक्षित राहते की नाही, यावर ती लागेल.

मानवाच्या निसर्गावरील प्रत्येक विजयाची किंमत पुढे मोजावी लागते, हा विचार एंगेल्सने १८७६ मध्ये मांडला होता. मणिकर्णिकेपुढील पात्र त्या विचाराला एक जोड देते: ती किंमत सर्वांकडून सारखी वसूल होत नाही. अर्धवट जळलेला शेतमजूर, मासे गमावलेला मल्लाह आणि सांडपाण्यात गुदमरलेले कासव, या तिघांकडून ती वसूल झाली. मिर्झापूर-भदोहीच्या नव्या अभयारण्यातही तोच काठ, तोच निषाद आणि तीच वाळू आहे. तेथे कोणता नियम लागू होतो, आणि तो ठरविताना नावाड्याला बोलाविले जाते की नाही, याकडे तेथील किसान व मच्छीमार संघटनांनी आजपासूनच लक्ष दिले पाहिजे. वाराणसीत त्याला तीस वर्षे कोणी बोलाविले नाही, आणि अखेरीस कासवालाही तेथून जावे लागले.